हर की दून आणि रुईनसारा, दोन्ही 8 दिवसांत होतील का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात गल्लत झाली असेल तर लगेच कळेल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही, बायको आणि 61 वर्षांचे वडील असे तिघं पुण्याहून निघणार, घर ते घर 8 दिवस आहेत, त्यात उत्तराखंडच्या गोविंद राष्ट्रीय उद्यानातली हर की दून ही दरी आणि रुईनसारा ताल (म्हणजे तलाव) दोन्ही बघायचंय. तिघांनाही सह्याद्रीत चालायची सवय आहे, वडिलांना बीपीची गोळी चालू आहे पण ते दर रविवारी किल्ला करतात. आणि विचारलंय ते असं की एजन्सीबरोबर जावं की आपलं आपण.

मी गेली 16 वर्षं गढवालमध्ये लहान ग्रुप घेऊन जाते, या दरीत तर इतक्यांदा की ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावातली पोरं माझ्यासमोर शाळा संपवून गाईड झाली. त्यामुळे स्पष्ट सांगते, एजन्सी की स्वतः हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न हा की तुमच्या 8 दिवसांत एकही मोकळा दिवस नाहीये. तो कुठून काढायचा हे ठरलं की बाकीची बरीच उत्तरं आपोआप मिळतात.

हिशेब करून बघू. पहिला दिवस पुणे ते डेहराडून, तोही विमानाने गेलात तर. ट्रेनने गेलात तर जाताना आणि येताना एकेक दिवस आणखी धरा. दुसरा दिवस डेहराडून ते सांकरी, अंतर 200 किलोमीटरच्या आत-बाहेर, पण मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असा घाटाघाटांचा रस्ता आहे, 9-10 तास सहज जातात. तिसरा दिवस सांकरीहून जीपने तालुकाला (हे गावाचंच नाव आहे, तहसील वगैरे नाही) आणि तिथून चालत ओसला किंवा त्याच्या समोरच्या काठावरचं सीमा (हेही गावाचंच नाव), म्हणजे 12-13 किलोमीटर चाल. चौथा दिवस हर की दून. पाचवा परत सीमा. सहावा सांकरी, सातवा डेहराडून, आठवा घर. बघा, ही फक्त एक दरी झाली, रुईनसारा यात अजून आलेलंच नाही, आणि एक जीप बंद पडली किंवा एक दिवस पाऊस लागला तरी परतीचं विमान चुकतं. दोन्ही करायचं तर सीमाहून रुईनसारा जाऊन परत यायला किमान 2 दिवस अजून, वर एक मोकळा दिवस, म्हणजे 11. आणि मी स्वतः 61 वर्षांच्या माणसाला घेऊन गेले तर 12 धरीन, का ते पुढे सांगते.

आता तुम्ही म्हणाल की इंटरनेटवर लोकं तर 7 दिवसांत करून आल्याचे फोटो टाकतात. येतात करून, खोटं नाही ते. सगळं नीट जुळलं तर होतंच. पण सगळं नीट जुळेल असं धरून डोंगरात वडिलांना न्यायचं का, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

मोकळ्या दिवसावर मी इतका जोर देते याचं कारण हवामान नाही, किंवा फक्त हवामान नाही. एका जूनमधली गोष्ट सांगते. 9 जणांचा ग्रुप होता, सगळ्यांची परतीची तिकिटं ठरलेली, आणि मीच प्लॅन घट्ट आखला होता. सांकरी ते तालुका रस्त्यावर दरड आली, जीप अर्ध्यात थांबली, उरलेलं चालत गेलो, तिथे अर्धा दिवस खाल्ला. तो भरून काढायला दुसऱ्या दिवशी लवकर निघून तडक हर की दून गाठलं. ग्रुपमधल्या एकाला सीमालाच डोकं दुखायला लागलं होतं, त्याने कुणालाही सांगितलं नाही. मी संध्याकाळी प्रत्येकाला विचारते, त्यालाही विचारलं, तो हसून "मस्त आहे" म्हणाला. रात्री 11 ला उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जायला लागला. दोन पोरांनी दोन्ही बाजूंनी धरून हेडलॅम्पच्या उजेडात त्याला खाली उतरवलं, पहाटेपर्यंत चाललो आम्ही. खाली आल्यावर तो बरा झाला, पण नंतर मला म्हणाला, ताई, मी बोललो असतो तर सगळ्यांचा ट्रेक गेला असता ना. हे वाक्य मी विसरू शकत नाही. मोकळा दिवस नसला की माणसं त्रास लपवतात. चांगली, समजूतदार, दुसऱ्याचा विचार करणारी माणसं तर जास्तच लपवतात. आणि तुमच्या तिघांत मुलाच्या आणि सुनेच्या सुट्टीची सगळ्यात जास्त काळजी कोणाला असणार? वडिलांनाच.

म्हणून निघायच्या आधी घरीच बसून त्यांना सांगा की एक दिवस जास्तीचा ठेवलाय, तो तुमच्यासाठी नाही, डोंगरासाठी ठेवलाय, वापरला तरी काही बुडत नाही. हे आधी बोललेलं असलं की वर गेल्यावर माणूस खरं बोलतो.

आता उंचीचं गणित. सह्याद्रीची सवय पायांना नक्की उपयोगी पडते, दमाला पडते, पण उंचीला तिचा काही उपयोग नाही. कळसूबाई 1,646 मीटर. सांकरी गाव त्याच्याही वर, साधारण 1,900 च्या पुढे. सीमा अडीच हजाराच्या वर. हर की दून आणि रुईनसारा दोन्ही साडेतीन हजाराच्या आसपास. साडेतीन हजारावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. कोणाला त्रास होईल हे फिटनेसवरून ओळखता येत नाही, मी मॅरेथॉन पळणारा मुलगा त्रासाने आडवा पडलेला आणि त्याची आत्या आरामात चहा पीत बसलेली बघितलीये. उलट फिट माणूस भरभर चढतो, म्हणून त्यालाच आधी लागतं कधीकधी.

डॉक्टर मंडळींचा सर्वमान्य नियम असा आहे की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर 3-4 दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा कितीही वर जाऊन या, महत्त्वाचं आहे ते रात्री कुठे झोपता. सीमाहून एका दिवसात हर की दूनला जाऊन झोपलात तर झोपायची उंची जवळजवळ 1,000 मीटरने वाढते. तरुण माणसं बऱ्याचदा निभावून नेतात. मी हल्ली मध्ये कलकत्तियाधारच्या आसपास एक मुक्काम टाकतेच, आणि रुईनसाराला जाताना देवसूला थांबते, ते 3,000 च्या जवळपास आहे. 12 दिवस म्हणाले ते या दोन मुक्कामांतल्या एकासाठी तरी.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं इथपर्यंत असेल तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, किंवा माणसाला सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध वाटत असेल, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मी ठेवते पण त्याच्यावर निर्णय घेत नाही, थंड बोटांवर ते काहीही दाखवतं आणि साडेतीन हजारावर 88-90 आकडा ठणठणीत माणसाचाही दिसतो. माणूस बघा, आकडा नंतर.

वडिलांच्या बीपीबद्दल. मी डॉक्टर नाही. माझ्या ग्रुपमध्ये गोळीवर बीपी ताब्यात असलेली बरीच माणसं येऊन गेलीत आणि नीट परत आलीत, पण प्रत्येकाच्या डॉक्टरने आधी हो म्हटलेलं होतं. उंचीवर बीपी थोडं वाढू शकतं, गोळी कोणत्या प्रकारची आहे यावरही अवलंबून आहे. तुमच्या डॉक्टरांना "ट्रेकला जातोय" एवढंच सांगू नका. सांगा की 3,500 मीटरवर मुक्काम आहे, रोज 6-7 तास चाल आहे, रात्री तापमान शून्याच्या खाली जाऊ शकतं आणि हॉस्पिटल एक दिवसाच्या अंतरावर आहे. मग ते स्ट्रेस टेस्ट सांगतील तर करून घ्या. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची का हेही त्यांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर डायमॉक्सही तेच काम करते, म्हणून हे स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका. आणि थंडी आहे म्हणून पाणी कमी पिणं, हे सगळेच करतात, ते वडिलांना करू देऊ नका.

आता कोणती दरी. इथे माझं मत आहे, ते मत म्हणूनच घ्या.

सीमाच्या पुढे दरीला दोन फाटे फुटतात. एक हर की दूनकडे जातो, दुसरा रुईनसाराकडे, आणि दोघांच्या मध्ये 6,252 मीटरचं स्वर्गारोहिणी उभं आहे. पांडव याच वाटेने स्वर्गाला गेले असं इथे मानतात. हर की दूनची वाट जास्त मळलेली आहे, गावाजवळून जाते, गढवाल मंडल विकास निगमचे आणि वनखात्याचे बंगले वाटेवर आहेत, त्यामुळे अडीअडचणीला डोक्यावर छप्पर मिळायची शक्यता आहे (शक्यता म्हणते, चालू आहेत का हे सांकरीला विचारूनच धरा). रुईनसाराची वाट एकांताची, जंगलातून नदीकाठाने जाते, कधी पूल वाहून गेलेला असतो, कधी दरडीवरून वळसा घालावा लागतो, तंबूशिवाय मुक्काम नाही. समोर 6,387 मीटरचा काला नाग आणि बंदरपूंछची रांग.

तुम्ही लिहिलंय की "मुख्य आकर्षण तलाव". म्हणून रुईनसाराबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर 4 दिवस चालून हिरमोड होईल. तो पँगाँगसारखा अफाट नाही. गवताळ मैदानात दगडमातीच्या उंचवट्यांमध्ये अडून राहिलेलं हिरवट पाणी आहे, लहान आहे, आणि पावसाळा संपून महिने उलटले की पाणी आणखी आटतं. फोटोत जो दिसतो तो बहुतेक पहाटेचा असतो, वारा पडलेला, डोंगर पूर्ण उलटा दिसतोय. दुपारी वारा सुटला की तो आरसा जातो. त्यामुळे तलाव बघायचा तर तिथे रात्र काढून पहाटे बघायचा, दुपारी 2 ला पोचून 3 ला परत निघाला असाल तर खरं तर बघितलाच नाही. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळी 6 ला तंबूतून बाहेर आले आणि कितीतरी वेळ कोणी कोणाशी बोललंच नाही, सगळे नुसते काठावर उभे.

काठावर उभे म्हणजे काठावरच. स्थानिक लोक ते पाणी पवित्र मानतात, त्यात पाय बुडवत नाहीत, भांडी धूत नाहीत. आपणही नाही. आणि श्रद्धा बाजूला ठेवली तरी, बर्फाचं वितळलेलं पाणी अंगावर आलं की पहिला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, डोकं पाण्याखाली असताना तसं झालं तर पोहता येणारा माणूसही बुडतो. रील बनवायला उड्या मारणारी मुलं बघते तेव्हा पोटात गोळा येतो.

दुसरा एक लहान तलाव हर की दूनच्या पुढे आहे, मरिंदा ताल, हर की दूनहून 2-3 किलोमीटर, जौंधार ग्लेशियरच्या दिशेने. जाऊन-येऊन अर्धा दिवस. कमी लोक जातात. तुमच्या तिघांसाठी मी हाच पर्याय सुचवते: फक्त हर की दून आणि मरिंदा. दोन्ही दऱ्या नकोत. तलाव बघायला मिळतो, जंगल आणि गाव मिळतं, वडिलांना जमलं नाही तर माघारी यायला सोपी वाट आहे. रुईनसारा तुम्ही दोघं पुन्हा कधीतरी 10-11 दिवस काढून करा, त्याच्यासाठी वेगळी वारी करावी एवढं ते नक्की मोलाचं आहे.

आणि 8 चे 10 दिवस खरंच होत नसतील तर? तरी जाऊ शकता, फक्त ओसला-सीमालाच 2-3 रात्री मुक्काम ठेवा. एक दिवस सकाळी लवकर निघून हर की दूनच्या वाटेवर जेवढं जमेल तेवढं वर जायचं, दुपारी 1 वाजला की जिथे असाल तिथून मागे वळायचं, रात्री परत खाली झोपायचं. झोपायची उंची वाढत नाही, तंबूची गरज नाही, वडील ज्या दिवशी दमतील त्या दिवशी गावात थांबू शकतात. ट्रेक अर्धवट राहिला असं काही जणांना वाटतं. मला नाही वाटत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गंगाड-ओसलाची राजगिऱ्याची शेतं लालभडक झालेली असतात, घरं देवदाराच्या लाकडाची, नक्षीकाम केलेली, त्या गावात एक अख्खा दिवस फिरत बसणं हे वर धावत जाऊन फोटो काढून येण्यापेक्षा कमी नाहीये. ओसलाच्या मंदिराला बाहेरचे लोक दुर्योधनाचं मंदिर म्हणतात, गावकरी सोमेश्वराचं म्हणतात, त्यांच्या अंगणात उभं राहून त्यांच्याच देवावर वाद घालू नका आणि विचारल्याशिवाय पायरी चढू नका. माणसांचे फोटोही विचारूनच. घरांच्या जवळपास विडी-सिगारेट, चूल, काहीही नको, सगळं गाव लाकडाचं आहे.

ऑक्टोबर निवडलात ते बरोबर केलंत. पावसाळ्यात त्या रस्त्यांवर दरडी, मे-जूनमध्ये फुलं सुरू होतात पण दुपारी ढग आणि गर्दी, एप्रिलपर्यंत वर बर्फ. ऑक्टोबरमध्ये आकाश सगळ्यात स्वच्छ, फक्त दिवस लहान आणि थंडी खरी. दरी खोल आहे, ऊन तिसऱ्या प्रहरीच डोंगराआड जातं आणि मग तापमान इतकं झपाट्याने उतरतं की घामाने ओला टीशर्ट अंगावर असेल तर 10 मिनिटांत माणूस कुडकुडायला लागतो. उंचीप्रमाणे दर 1,000 मीटरला साधारण साडेसहा अंश फरक पडतो, म्हणजे डेहराडूनला टीशर्टवर असाल त्याच दिवशी वर 15-20 अंश कमी. सुती कपडे चालण्यासाठी नकोत, जीन्स तर नकोच. झोपायचे कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वेगळे, ते काहीही झालं तरी दिवसा घालायचे नाहीत. या एका नियमाने माझ्या ग्रुपमधली किती माणसं वाचली असतील सांगता येत नाही.

आणि ऑक्टोबर स्वच्छ असतो म्हणजे प्रत्येक दिवस स्वच्छ असतो असं नाही. जून 2024 च्या सुरुवातीला, म्हणजे ऐन सीझनमध्ये, उत्तरकाशी जिल्ह्यातल्याच सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांचा ग्रुप खराब हवामानात अडकला आणि त्यातले 9 जण गेले. ते तळं तुमच्या वाटेपेक्षा बरंच उंच आहे, तुलना सरळ होत नाही, घाबरवायला सांगत नाहीये. पण उंचावरच्या मोकळ्या मैदानात वारा आणि ओलं बर्फ एकदम आलं तर लपायला झाड नसतं, हे प्रत्येक तलावाच्या ट्रेकला लागू आहे. सकाळी लवकर निघा, दुपारपर्यंत मुक्कामाला पोचा, आणि पश्चिमेकडे काळं जमायला लागलं तर गाईडला विचारा, अ‍ॅपला नाही. तसंही तिथे अ‍ॅप चालणार नाही.

नियमांचं थोडक्यात. हे उद्यान आहे, 1955 साली अभयारण्य झालं, 1990 मध्ये त्यातल्या काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, हिमबिबट्याचं घर आहे. नैटवाडला वनखात्याच्या चौकीवर नोंद करून, फी भरून परवाना घ्यावा लागतो, ओळखपत्राच्या 3-4 झेरॉक्स जवळ ठेवा. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ मैदानांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, म्हणून तंबू कुठे लावायला परवानगी आहे हे चौकीवर विचारूनच ठरवा, जुन्या ब्लॉगवरच्या फोटोंवरून ठरवू नका. ड्रोन परवानगीशिवाय नाही. शेकोटी नाही. आणि एक गोष्ट जी परदेशी व्हिडिओ बघून येणारे हमखास चुकतात: सॅटेलाईट फोन किंवा सॅटेलाईटवर मेसेज पाठवणारी ती छोटी यंत्रं भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, एअरपोर्टवरच पकडतात. त्यामुळे सांकरीनंतर संपर्क नाही असं धरून घरी सांगून ठेवा की अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तरी घाबरू नका, आणि ती तारीख मोकळा दिवस धरून सांगा.

गॅसचे कॅनिस्टर विमानातही चालत नाहीत, ट्रेनमध्येही नाही, डेहराडूनला घ्या किंवा स्थानिक माणसांकडेच स्वयंपाक सोपवा. पैसे रोख, पुरोल्यानंतर एटीएमच्या भरवशावर राहू नका. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं चरत असतात, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. साडेतीन हजारावर पाणी 88 अंशाच्या आसपासच उकळतं, जंतू मारायला तेवढं पुरतं पण डाळ शिजायला पुरत नाही, म्हणून वर कुकर लागतो. कचरा सगळा परत, ओले वाइप्स आणि पॅडसुद्धा, त्यासाठी वेगळी जाड पिशवी. शौचाला पाण्यापासून 60 पावलं तरी लांब.

आता तुमचा मूळ प्रश्न, एजन्सी की स्वतः. तिसरा पर्याय आहे आणि मला तोच योग्य वाटतो: स्थानिक गाईड आणि एक खेचर, तुमच्या तिघांसाठीच. मोठ्या ग्रुपमध्ये 15-20 जणांच्या वेगाने वडिलांना चालावं लागेल, आणि त्यांच्यामुळे सगळे थांबले हे त्यांना सहन होणार नाही, परत तोच लपवालपवीचा प्रकार. एकटे गेलात तर वाट चुकायची शक्यता कमी आहे, पण दरड कुठे आली, पूल आहे का, कोणत्या घरी रात्र काढता येईल हे फक्त तिथल्या माणसाला माहीत असतं. सांकरी, सौड, ओसला, गंगाडमधली मुलं हेच काम करतात, काहींनी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत कोर्स केलेले असतात. पैशांत फार घासाघीस करू नका, वर्षातले मोजके महिने त्यांची कमाई असते.

एजन्सीच घ्यायची तर एकच प्रश्न विचारा: आमच्यातल्या एकाला उतरवायची वेळ आली तर त्याच्याबरोबर कोण उतरणार आणि वरच्यांबरोबर कोण राहणार? नावं घेऊन उत्तर दिलं तर पुढे बोला. "काही होत नाही हो, सोपा ट्रेक आहे" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. हेलिकॉप्टर येईल असं कोणी म्हणालं तर तेही ऐकून सोडून द्या, प्रत्यक्षात माणूस खेचरावर किंवा पाठीवर तालुकापर्यंत येतो, तिथून जीपने खाली, आणि मोठं हॉस्पिटल डेहराडूनला. विमा काढाल तेव्हा किती उंचीपर्यंत लागू आहे ते वाचा, बऱ्याच पॉलिसी ट्रेकिंग वगळतात.

तुम्हाला करायचं आहे ते या क्रमाने करा. आधी डॉक्टर. मग ऑफिसात 2 दिवस वाढवून मागा. ते मिळाले तर हर की दून-मरिंदा, मध्ये एक मुक्काम आणि एक मोकळा दिवस धरून. नाही मिळाले तर ओसलाला तळ ठोकून रोज वर-खाली. परतीचं तिकीट या दोन्हींतलं एक ठरल्यावरच काढा, आधी नको.

एक शेवटचं, हे मी सहसा सगळ्यांना सांगते. मागे वळायचा निर्णय तिघांपैकी कोण घेणार हे पुण्यातच ठरवा, वर गेल्यावर नाही. माझा सल्ला, तुमच्या बायकोला घेऊ द्या. मुलगा वडिलांना थांबा म्हणायला कचरतो, वडील मुलाला सांगायला कचरतात, सून दोघांनाही बघत असते. तिने "आज इथेच" म्हटलं की दोघांनी का म्हणून विचारायचं नाही, सॅक उतरवायची आणि चहाला पाणी ठेवायचं.